शेवाळ नायट्रोजन खातं, पण शेवाळ बाहेर कोण काढणार?

‘सांडपाण्यात शेवाळ सोडा. ते नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन टाकतं. वीज नको, जागा नको. वर कार्बन शोषतं आणि शेवटी डिझेलही देतं. यंत्रं विकणाऱ्या कंपन्या ही माहिती दडवतात.’ असा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. तो निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता. पण त्यात खरं बरंच आहे, आणि नेमकी अडचण सुरू होते तिथे तो संपतो.

‘खाऊन टाकतं.’ खातं, कबूल. पण खाल्लेलं जातं कुठे? पेशीत. कोरड्या शेवाळाच्या वजनात साधारण 8 टक्के नायट्रोजन आणि 1 टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. पेशी पाण्यात राहिली तर हे दोन्ही पाण्यातच राहिले. ती मेली, कुजली की पुन्हा विरघळले. 90 टक्के घट दाखवणारा तक्ता समोर आला की मी आधी एकच बघतो: नमुना गाळून तपासलाय की न गाळता? हिरवं सगळं गाळणीवर अडवून खालचं नितळ पाणी तपासलं तर आकडे देखणे येणारच. नदीत पाणी सोडताना मात्र कुणी ती गाळणी लावत नाही. उलट शेवाळासकट सोडलेलं पाणी बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि तरंगत्या घन पदार्थांच्या चाचणीत नापास होऊ शकतं.

बरं, मग काढा की बाहेर! हिरवं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी ते बरंचसं हिरवंच दिसेल. पेशी जेमतेम काही मायक्रॉनच्या, घनता जवळपास पाण्याइतकी, आणि पृष्ठभागावर ऋण प्रभार असल्याने त्या एकमेकींना दूर ढकलतात. मग तुरटीसारखं रसायन घाला, बारीक बुडबुड्यांनी तरंगवा, नाहीतर सेंट्रिफ्यूज फिरवा. त्यातला स्वस्त मार्ग म्हणजे जिवाणू आणि शेवाळाचे एकत्र गुठळे बनू देणं. तसे गुठळे आपोआप खाली बसतात, पण रोज बसतीलच असं नाही. पाण्यातल्या डॅफ्नियासारख्या सूक्ष्म प्राण्यांना हे शेवाळ भलतंच आवडतं. ते माजले तर हिरवं तळं काही दिवसांत साफ होतं, आणि नायट्रोजन त्यांच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतो.

शिवाय ‘घटलेला’ सगळाच नायट्रोजन पेशीत गेलेला नसतो. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तसा सामू (पीएच) 9-10 पर्यंत चढतो. त्या सामूला अमोनियाचा वायू होऊन काही भाग हवेत उडतो, तर फॉस्फरस कॅल्शियमसोबत साक्यासारखा तळाशी बसतो. अमोनिया हवेत सोडून देण्याला शुद्धीकरण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

‘वीज नको’ हा दावा निम्मा खरा आहे. नेहमीच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, निम्म्याच्या आसपास वीज हवा फुंकणाऱ्या ब्लोअरवर जाते. शेवाळ दिवसा तोच ऑक्सिजन फुकट देतं, आणि पाणी ढवळायला संथ फिरणारं एक पॅडल पुरतं. ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. रात्री मात्र शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरतं.

‘जागा नको’ मात्र साफ खोटं. हिरव्या पाण्यात उजेड खोलवर शिरत नाही, म्हणून तळी जेमतेम 30 सेंमी खोल ठेवतात. हिशेब करून बघा. लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रोजन शेवाळात उतरवायचा तर लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम कोरडं शेवाळ वाढावं लागतं. म्हणजे रोजच्या 10 लाख लिटर सांडपाण्यासाठी रोज 500 किलो. चौरस मीटरमागे दिवसाला 20 ग्रॅम वाढ धरली, जी चांगल्या उन्हातली आहे, तरी अडीच हेक्टर लागतात.

दडवादडवीचं तर सोडूनच द्या. कॅलिफोर्नियातले संशोधक विल्यम ऑसवाल्ड 1950 च्या दशकापासून अशा तळ्यांवर उघडपणे लिहीत होते.

राहिलं डिझेल. पेशीत तेल भरावं म्हणून बहुतेक जातींची नायट्रोजनची उपासमार करावी लागते, आणि सांडपाणी म्हणजे नायट्रोजनची रेलचेल. दोन्ही एकाच तळ्यात साधणं अवघड. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने शेवाळाच्या इंधनावर 1978 पासून काम केलं आणि 1996 मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. त्यापेक्षा बायोगॅस बरा. स्पेनमधल्या चिक्लानात सांडपाण्यावर वाढवलेल्या शेवाळाच्या बायोगॅसवर गाड्या चालवून दाखवल्या आहेत. पण कुजवल्यावर गॅसमध्ये जातो तो कार्बन, आणि तोही जळून पुन्हा हवेत. नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मागे उरलेल्या रबडीत राहतो. ती शेतात खत म्हणून गेली तर उत्तम. कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर आधी जड धातू तपासावे लागतील, कारण ते पेशींना चिकटून येतात. आणि शेत मिळालं नाही म्हणून तिचं पाणी पुन्हा एसटीपीच्या तोंडाशी सोडलं, तर तोच नायट्रोजन दुसऱ्यांदा काढत बसायचं.