स्टोनहेंजचे शेजारी आणि बारसूचे

लंडनला पाहुणे आले की त्यांना एका दिवसाच्या बसने बाथ आणि स्टोनहेंज दाखवून आणायचं, हे इथल्या मराठी घरांत ठरूनच गेलंय. यंदा राजापूरचे काका-काकू होते. बाथच्या रोमन स्नानगृहात खालून रोज अकरा लाख लिटरच्या वर ऊन पाणी येतं, 46 अंशांचं, पण त्यात बोट बुडवायलाही बंदी. "मग आमचं उन्हाळे गावचं गरम कुंड काय वाईट? निदान आंघोळ तरी होते!" काकांनी निकाल देऊन टाकला. गाइडने सांगितलं की रोमन काम खांबांच्या बुंध्यापर्यंतच. वरची गच्ची आणि पुतळे एकोणिसाव्या शतकातले. तिकीट काढलेल्या माणसाला हे मोकळेपणाने सांगतात, ते मला आवडतं.

खरा वाद पेटला स्टोनहेंजच्या त्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी. काकू म्हणाल्या, "बघा, यांनी कसं जपलंय. नाहीतर आपण." 2023 च्या एप्रिलमध्ये राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, तेव्हापासून हे वाक्य मी फोनवर किती ऐकलंय. त्याच सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत, आणि बारसूचं नाव 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. काकूंना रिफायनरी नको, काकांना हवी. इंग्लंडचा दाखला मात्र दोघंही देतात.

तर इंग्लंडचं ऐका. स्टोनहेंज जसंच्या तसं मुळीच राहिलेलं नाही. 1797 मध्ये कोसळलेलं, दोन उभ्या आणि एका आडव्या दगडाचं त्रिकूट 1958 मध्ये क्रेनने उभं केलं, आणि कित्येक दगडांच्या पायाशी आज काँक्रीट आहे. अगदी खेटून जाणारा रस्ता बंद व्हायला 2013 उजाडलं. थोडा लांबचा, सदानकदा तुंबलेला ए-303 अजून आहेच. तो बोगद्यात घालायचा बेत 2020 ला मंजूर, 2021 ला कोर्टात रद्द, 2023 ला पुन्हा मंजूर, आणि 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळला. कारण? वारसाप्रेम नव्हे, तिजोरीत पैसे नाहीत. यात आजूबाजूच्या गावांतल्या अनेकांना बोगदा हवा होता, कारण तुंबलेल्या गाड्या आडवाटेने त्यांच्या दारातून जातात. बरेच पुरातत्त्ववाले विरोधात, शेजारी दोन्हीकडे. ओळखीचं वाटतं ना?

माझ्या मते इथून उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. 1915 च्या लिलावात सेसिल चब नावाच्या वकिलाने हे दगड 6,600 पौंडांना घेतले आणि 1918 मध्ये देशाला देऊन टाकले. देताना अट घातली की प्रवेशाला एका शिलिंगपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती अट महागाईत वाहून गेली. तिकीट आता वीस पौंडांच्या पुढे आहे आणि बहुतेकांना दोरीबाहेरूनच बघावं लागतं. पण जवळपासच्या रहिवाशांना आजही फुकट प्रवेश आहे. दगड देशाचे झाले, तरी शेजाऱ्यांचा हक्क उरला.

आपल्याकडे कातळशिल्पांचा वाद "वारसा की रोजगार" इथेच घुटमळतो. सड्याचा मालक कोण, हे कुणी विचारत नाही. बरीच शिल्पं खासगी जमिनीत आहेत. तिथे कुणी चिऱ्याची खाण काढतो, कुणी कलमं लावायला कातळ फोडतो, कुणाची गुरं पावसाळ्यात चरतात. उद्या संरक्षित स्मारकाचा सरकारी निळा फलक आला की हे सगळं एका रात्रीत गुन्हा ठरण्याची धास्ती, आणि मोबदल्याची भाषा गुळमुळीत. मग मालकाला शिल्प सापडलं तर तो तहसीलदाराला कळवेल, की आधी जेसीबी बोलावेल? ज्या हौशी मंडळींनी गावोगाव पायपीट करून ही शिल्पं नोंदवली, त्यांना गावकऱ्यांनीच वाटा दाखवल्या, हे विसरून चालणार नाही.

काकांचं यावर म्हणणं, "फुकट पासाने पोट भरतं होय?" नाहीच भरत. म्हणून पासावर थांबू नये. पार्किंग, वाटाडे, तिकीट, खाणावळ यांतला ठरलेला हिस्सा मालकाला आणि ग्रामपंचायतीला, तोही युनेस्कोचा अंतिम प्रस्ताव जाण्याआधी, लेखी. रिफायनरीवाले निदान एकरी भाव तरी बोलत होते, असं काका म्हणतात. वारसावाल्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही.