'सूचना कोण वाचतंय!' म्हणे

आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'नोकरीच्या फॉर्मच्या सूचना वाचत बसू नका. सेंटरवाला भरतो, चूक नंतर दुरुस्त होते, आणि सीमाभागातल्या मराठी पोरांना तसंही कोण घेतंय?' तो सेंटरवाला, म्हणजे पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारा, मीच, म्हणून बोलतो.

शेवटचं आधी घेतो, कारण तेच लोकांना पटतं. कन्नडची अट आहे, बोचतेही. पण ती कुठे आहे नि कुठे नाही, हे जाहिरातीतच असतं. ग्रामीण डाक सेवकाला टपाल खात्याच्या कर्नाटक सर्कलमध्ये दहावीपर्यंत कन्नड शिकलेलं लागतं. मराठी माध्यमाच्या बहुतेक पोरांच्या मार्क्सकार्डावर तो विषय असतोच की! तरी 'कन्नड पाहिजे' एवढंच ऐकून पोरं उठून जातात. रेल्वेची परीक्षा तर मराठीतून देता येते, फक्त फॉर्म भरताना भाषा निवडायची. तो रकाना घाईत इंग्रजीवर सोडणारे मी दर भरतीला बघतो.

मराठा पोरांचं आणखी एक. आपला थ्री-बीचा, म्हणजे कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीतल्या गटाचा, दाखला राज्याच्या भरतीपुरता. केंद्राच्या फॉर्मवर थ्री-बी नावाचा प्रकारच नाही. तो दाखला हातात धरून ओबीसीवर टिक केली, तर कागदपत्र तपासणीला अडकणारच. त्यात मराठीचा काय संबंध?

'चूक दुरुस्त होते.' काही होतात, पैसे भरून. रेल्वेच्या अलीकडच्या भरतींत दुरुस्तीला २५० रुपये घेतले, पण निवडलेलं रेल्वे भरती बोर्ड काही बदलता येत नव्हतं. आणि आमच्याकडे तर 'बंगळूरला टाक, मुंबईलापण टाक' हा ठरलेला सल्ला. एकाच भरतीत दोन बोर्डांना अर्ज गेला की दोन्ही बाद.

बँकेच्या फॉर्मचं घ्या. हमीपत्र स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहायचं, कॅपिटलमध्ये नाही. नंदगडकडची एक पोरगी छान वळणदार अक्षरातला कागद घेऊन आली. मी सहीचा कागद पुढे केला, तर सही कोंबडीच्या पायासारखी. विचारलं तर म्हणाली, "अक्षर ताईचं आहे दादा, माझं चांगलं नाही." दुसऱ्याने लिहिलं तर अर्जच बाद, हे सूचनेत सरळ लिहिलेलं. तिला तिथेच बसवून पुन्हा लिहायला लावलं. तीन कागद गेले.

राहिला 'सेंटरवाला भरतो'. भरतो की. एका शेवटच्या तारखेला रात्री अकरापर्यंत भरत होतो. ओटीपीला सोपं पडतं म्हणून दोन-चार फॉर्मवर माझाच नंबर टाकला. त्यातल्या एकाच्या हॉलतिकिटाचा मेसेज माझ्या मोबाइलवर येऊन पडला. मी तो बघितला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. त्या पोराचा बाप रविवारच्या बाजारात दिसला की मी अजून गल्ली बदलतो.