बाहेरच्यांबद्दल मत कसं बनवावं: काही घरगुती उपाय

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या वॉचमनने दाराखालून एक फॉर्म सरकवला. वर ठळक अक्षरांत ‘इमारतीत ये-जा करणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींची माहिती’. खाली रकाने: नाव, काम, मूळ गाव, मुंबईत कधीपासून, येण्याचं कारण. निमित्त काय, तर आमच्या जिन्याखालचा इस्त्रीवाला. बावीस वर्षं तो तिथे कोळशाची इस्त्री फिरवतोय आणि कमिटीला आत्ता शोध लागला की तो उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा आहे.

मी फॉर्म भरून दिला. नाव माझं. काम: स्वयंपाक, शिकवण्या आणि सोसायटीच्या सभेत गप्प बसणं. मूळ गाव: देवरुख. मुंबईत कधीपासून: १९९४. कारण: लग्न.

संध्याकाळी सेक्रेटरी फॉर्म हातात धरून दारात हजर. “वहिनी, हे आपल्यासाठी नाहीये हो. हे त्यांच्यासाठी.” आणि मग आवाज खाली आणून, “तुम्ही मराठीच ना?”

एकतीस-बत्तीस वर्षं मी या माणसाच्या घरी हळदीकुंकवाला जातेय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला अजून मत बनवता येत नाही. मग मी सभेत, लिफ्टमध्ये, खाली बाकावर कान देऊन बसले आणि शिकून घेतलं. भांडुपमध्ये जमलं, तुम्हालाही जमेल.

पहिली गोष्ट, आकडा डोक्यात असावा, कागदावर पाहू नये. सभेत एक काका उठून म्हणाले, “मुंबईत मराठी माणूस दहा टक्केसुद्धा उरला नाही.” हॉलमध्ये आम्ही चोवीस जण होतो. मी मोजले, बावीस मराठी. पण माना चोविसांनीही डोलावल्या. यात लाजण्यासारखं काही नाही, हा गुण जगभर आहे. २०१४ मध्ये इप्सॉस या संस्थेने ब्रिटनमध्ये लोकांना विचारलं, तुमच्या देशात शंभरात किती जण परदेशातून आलेले? सरासरी उत्तर आलं चोवीस. खरे होते तेरा. अमेरिकेत लोक म्हणाले बत्तीस, तिथेही तेराच. म्हणजे आमचे काका मँचेस्टरमध्ये असते तरी त्यांना बाकावर जागा मिळाली असती.

जनगणनेच्या तर वाटेलाच जाऊ नये. ती बाई फार आगाऊ आहे. १९२१ साली तिने मुंबईत विचारलं, जन्म कुठला, तर शंभरातले चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेले निघाले. आणि त्यांत सगळ्यांत मोठा जथा कुठला? रत्नागिरी जिल्ह्याचा. ज्यांना या शहरातली बडी घरं नाव न विचारता ‘रामा’ म्हणून हाक मारायची आणि ज्यांच्यासाठी ‘घाटी’ हा शब्द आजही तयार असतो, ते आपण. २०११ च्या जनगणनेने तर कहर केला. देशात पंचेचाळीस कोटी स्थलांतरित, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास लग्नामुळे घर सोडलेले. थोडक्यात, या देशातला सगळ्यांत मोठा स्थलांतरित म्हणजे सासरी आलेली बाई. माझा फॉर्म काही चुकला नव्हता. २०२१ ची जनगणना २०२७ वर गेलीय, तोवर हवे ते आकडे बोलून घ्या.

दुसरं. मत लवकर बनवावं. हे महत्त्वाचं आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या रायन एनोस या संशोधकाने बॉस्टनच्या उपनगरांत एक गंमत केली. जिथे बहुतेक गोरेच लोक गाडी पकडतात, अशा फलाटांवर रोज ठरलेल्या वेळी स्पॅनिश बोलणारी दोन-दोन माणसं उभी केली. त्यांनी काहीही करायचं नव्हतं. उभं राहायचं, आपसात बोलायचं, गाडी आली की चढायचं. तीन दिवसांनी प्रवाशांना विचारलं, तर ‘बाहेरचे कमी येऊ द्या’ असं म्हणणाऱ्यांचा जोर वाढलेला. कोणी कोणाचा खिसा कापला नव्हता, कोणी कोणाची नोकरी घेतली नव्हती. नुसते उभे होते मेले. पण ज्यांना दहा दिवसांनी विचारलं त्यांच्यात तो जोर ओसरलेला दिसला.

आम्हाला याचं काय नवल? सव्वाआठच्या स्लोला बायकांच्या डब्यात नवी बाई चढली की पहिले तीन दिवस तिच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेवर पोळी भाजून निघेल. कुठली आहे, पास आहे का, सेकंडचाच ना, पर्स कुठे टांगलीय बघा. चौथ्या सीटवर एक मांडी टेकवायची तिची छाती होत नाही. दुसऱ्या आठवड्यात तीच बाई भाजी निवडत असते, ‘कुठे उतरणार?’ विचारून जागा लावून देत असते, आणि नवरात्रात तिच्या साडीचा रंग चुकला तर सगळ्या मिळून रागावतात. म्हणून सांगते, तिसऱ्या दिवशीच मत बनवून मोकळे व्हा. दहा दिवस थांबलात तर त्याच्या पोराला दहावीत किती पडले, असं विचारून बसाल आणि सगळं मुसळ केरात.

व्हिडिओ आला की आधी पुढे पाठवावा, मग बघावा. कुठला, कधीचा, असल्या चौकशा करणारा माणूस ग्रुपवर फार दिवस टिकत नाही. मी परवा ‘हे भांडुप नाही, मागे पाटी गुजरातीत आहे’ एवढंच लिहिलं होतं. खाली तीन हात जोडलेले आणि एक ‘ताईंना पुळका’.

शत्रू असावा, पण मोसमाप्रमाणे बदलावा. एकाच शत्रूचा कंटाळा येतो. साठच्या दशकात बाळासाहेब ठाकऱ्यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात टेलिफोन डिरेक्टरीतून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, वर मथळा ‘वाचा आणि थंड बसा’. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ त्याच काळातलं. २००८ उजाडेपर्यंत लुंगीवाले आपले झाले होते आणि रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेली उत्तरेची पोरं मार खात होती. आमच्या सभेत इस्त्रीवाल्याविरुद्ध ठराव मांडताना सर्वांना दिलेला नाश्ता होता इडली-चटणी. दोनदा मागून घेतली काकांनी.

तुमचा भाचा न्यू जर्सीत असेल तर तो ‘स्थलांतरित’ नसतो, ‘सेटल’ असतो. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची फी लाख डॉलर झाली तेव्हा सेक्रेटरींना रात्रभर झोप नव्हती.

पोटावर पाय आल्याचं कारण मात्र जरूर द्यावं, वजन पडतं. फक्त कोणाच्या पोटावर, ते विचारू नये. मी विचारलं. म्हटलं, या हॉलमध्ये इस्त्रीची टपरी कोणाला हवी होती आणि मिळाली नाही? दोघे बँकेतून निवृत्त, एक विम्यात, एकाचं क्लासेसचं दुकान. शांतता. हैनम्युलर आणि हॉपकिन्स नावाच्या दोघा अभ्यासकांनी दोन डझनांहून अधिक देशांतले शंभरेक अभ्यास चाळून २०१४ मध्ये हेच लिहिलं: स्वतःच्या नोकरीचं काय होणार, यावरून माणसाचं बाहेरच्यांबद्दलचं मत फारसं ठरत नाही. ठरतं ते आपल्या देशाचं, आपल्या रीतीभातींचं काय होणार, या धास्तीवरून. ही धास्ती खोटी असते असं मी म्हणत नाही. मलाही वाटते. बँकेत काउंटरवरच्या पोराने ‘हिंदी में बोलिए मॅडम’ म्हटलं की माझंही डोकं फिरतं. घर बघायला गेल्यावर ‘मच्छी खाता का?’ विचारतात तेव्हा तर मी जिना उतरताना मोठ्याने शिव्या दिल्यात.

पण भाषेचं काढलंच आहे तर बोलूच द्या आता. सभेत ठरावाचं पहिलं कलम होतं, ‘परिसरातील फेरीवाले व कामगार यांनी मराठीत बोलावे.’ उत्तम. ठराव ज्यांनी लिहिला त्यांच्या नातवाला मी गणित शिकवते. एकोणसत्तर म्हटलं की तो माझ्याकडे असा बघतो जसं मी त्याला चिनी भाषेत शिवी दिली. “आजी, म्हणजे सिक्स्टी नाइन ना?” सुनेने घरात मराठी बोलायचं नाही असं ठरवलंय, मुलाचं कन्फ्युजन होतं म्हणे. महापालिकेच्या मराठी शाळा पटाअभावी एकेक करून बंद पडल्या, तेव्हा यांपैकी कोणी ठराव मांडला? आणि जिन्याखालचा तो? “वहिनी, ही काठपदराची आहे, उलट्या बाजूने मारतो, जरीचा काठ काळा पडेल नाहीतर.” हे वाक्य तो माझ्याशी पंधरा वर्षं मराठीत बोलतोय. कोणाचे कपडे हे विसरू नये म्हणून कॉलरच्या आत बॉलपेनने फ्लॅट नंबर लिहितो, तोही मराठी आकड्यात. त्याचा पोरगा क्रिकेट खेळताना मालवणीत अशा शिव्या घालतो की आमच्या सावंतवाडीच्या मावशींनी कानावर हात ठेवले आणि मग हळूच म्हणाल्या, “उच्चार मात्र बरोबर हा.” आमच्या पोरांना मराठी शिव्यासुद्धा येत नाहीत हो! मराठी वाचवायची, तीही इस्त्रीवाल्याकडून करून घ्यायची आणि वर त्यालाच हाकलायचं?

कितवा उपाय झाला हा? असो.

गावाला गेल्यावर तोंड बंद ठेवावं. २०२० च्या गणपतीत आम्ही बाहेरचे झालो होतो. ई-पास, क्वारंटाइन, चौदा दिवस की दहा यावरून भांडणं. गावच्या वेशीवर आडवा बांबू, आणि पलीकडे माझाच चुलत दीर तोंडाला रुमाल बांधून: “चाकरमान्यांमुळे रोग येतो, वहिनी, राग मानू नका.” चाकरमानी! ज्याच्या मनीऑर्डरवर घराला कौलं चढली तो चाकरमानी. मी शाळेच्या वर्गात बाकं सरकवून दहा दिवस काढले. सेक्रेटरी राजापूरचे, तेही त्यांच्या गावच्या शाळेत होते. परत आल्यावर काय चिडले होते! “आम्ही काय परके आहोत?”

एवढं पाच वर्षांत विसरायला ताकद लागते. ती कमावा.

आता इस्त्रीचं काय झालं ते सांगते. टपरी हलवली. कमिटीने एका अ‍ॅपवाल्यांशी टाय-अप केलंय. कपड्यामागे आठ रुपये होते, आता वीस. न्यायला येतो तो पोरगा बिहारमधल्या मोतिहारीचा. त्याच्यासाठी फॉर्म नाही. टी-शर्टवर कंपनीचं नाव असलं की मूळ गाव पुसलं जातं, गेटवर त्याला कोणी अडवतसुद्धा नाही. माझी दोन ब्लाउज हरवलीत.

ठीक आहे, पुरे झाले उपाय. सरळच बोलते.

माझे सासरे परळच्या गिरणीत चार साचे चालवायचे. त्याआधी बदलीवर होते. गावकीच्या खोलीत बावीस जण, पाळीपाळीने झोपायचे. एक उठला की दुसरा त्याच्याच चटईवर. आज तुम्ही नाक मुरडून सांगता ना, ‘एकेका खोलीत दहा-दहा जण राहतात हे लोक’, तेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि सासऱ्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्यावर गिरण्या उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून गेली. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. आता तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत, गेटवर आपलीच मुलं निळ्या गणवेशात उभी आहेत. परळचा मराठी माणूस भांडुपला, भांडुपचा बदलापूरला गेला. हे कोणी केलं? प्रतापगढहून आलेल्या, हातात सात किलोची इस्त्री धरलेल्या माणसाने? त्याने बदलला ५८ वा नियम? ज्यांनी बदलला त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत, काका. निवडणुकीत त्यांच्या गाडीमागे धावता तुम्ही. त्यांना विचारायची हिंमत होत नाही, म्हणून जिन्याखाली वाकून बघता. रागाला जागा हवी असते आणि जिन्याखालचा माणूस उलट बोलत नाही, इतकंच. हा बावळटपणा आहे, अभिमान नव्हे. आणि सभेत गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्या बायाही तुमच्याइतक्याच दोषी आहेत. ठरावाच्या वेळी मी हात वर केला नाही, पण खालीही केला नव्हता, मांडीवर ठेवून बसले होते.

तो आता नाल्यापलीकडे मेडिकलच्या बाजूला बसतो. परवा गाठोडं घेऊन गेले होते. पाऊस पडत होता, त्याने कपड्यांवर प्लास्टिक टाकलं आणि स्वतः भिजत उभा राहिला. त्याच्या टेबलावर घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरमध्ये मी नंबर वाचला. ६०१. सेक्रेटरी, फ्लॅट तुमचाच आहे.

फॉर्म सोमवारपर्यंत ‘नीट भरून’ हवाय म्हणे. पुन्हा तोच देणार आहे. देवरुख, १९९४, लग्न.