निमागॉन, लॅथ्रॉप आणि आमची काकी

पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा, विशेष करून ज्यांच्या घरात कुणी फवारणीला जातं त्यांनी.

गेल्या हस्त बहाराला आमच्या डाळिंबाची शंभरेक झाडं पिवळी पडायला लागली. पाणी कमी नव्हतं, खतं वेळेवर होती, तेल्या रोग नव्हता, तरी झाड दुपारी मान टाकायचं. शेवटी एका झाडाच्या बुडाला ड्रिपरखाली खुरप्यानं उकरलं आणि पांढरी मुळी हातावर घेऊन बघितली तर मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी, माळेत ओवल्यासारख्या. निमॅटोड, म्हणजे मुळात शिरणारी बारीक सूत्रकृमी. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात ज्याची डाळिंबाची बाग आहे त्याला हा शब्द समजावून सांगायला नको, पोटात गोळाच येतो.

दुकानात गेलो तर तिथं बसलेले एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "आता काय औषधं राहिली नाहीत रे, पूर्वी निमागॉन असायचं, एकदा जमिनीत सोडलं की बघायला नको." नाव डोक्यात राहिलं. रात्री मोबाईलवर शोधत बसलो की हे कुठं मिळतंय का, आणि औषध शोधता शोधता जे वाचलं त्यानं झोपच उडाली. तेच सांगायला लिहितोय.

निमागॉन हे शेल कंपनीचं नाव. डाऊ कंपनी तेच फ्युमॅझोन नावानं विकायची. आत रसायन एकच, डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, थोडक्यात डीबीसीपी. १९५५ पासून अमेरिकेत निमॅटोडसाठी जमिनीत सोडायचे, द्राक्षाला, पीचला, अननसाला, केळीला. पीक खरंच सुधारायचं, त्यात खोटं काही नाही, म्हातारे सांगत होते ते बरोबरच होतं.

कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाचं एक छोटं गाव आहे, तिथं ऑक्सिडेंटल केमिकलचा कारखाना होता आणि त्यात एका विभागात हे औषध मिसळून डब्यात भरायचं काम चालायचं. माणसं किती, तर मोजकीच. ही माणसं जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसायची आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की अरे, आपल्यापैकी कुणाच्याच घरात पाळणा हलेना. एकाचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दुसऱ्याला आधीचं एक मूल आहे पण इथं कामाला लागल्यापासून काही नाही, तिसऱ्याचं तेच. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यातल्या थोड्या जणांनी मनाचा हिय्या करून वीर्य तपासणीला दिलं. रिपोर्ट आला तर कुणाचे शुक्राणू अगदी कमी, कुणाचे शून्य.

मग युनियनच्या मागणीनं डॉक्टर डोनाल्ड व्हॉर्टन यांनी बाकीच्यांनाही तपासलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. नसबंदी न झालेले २५ पुरुष, त्यातल्या १४ जणांमध्ये दोष. जो जास्त दिवस त्या औषधात राहिला त्याला जास्त. आणि त्याच रिपोर्टमध्ये एक गोष्ट आहे जी मी तीनदा वाचली, ती म्हणजे या माणसांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, नॉर्मल होतं. म्हणजे ताकद आहे, दाढीमिशी आहे, संसार नीट चालू आहे, बाहेरून बघून कुणालाही, बायकोलासुद्धा, काही कळणार नाही. फक्त बीज तयार करणाऱ्या पेशी मेलेल्या. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, उलटी नाही. मग माणूस डॉक्टरकडं जाईलच कशाला.

बरं, हे कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. डाऊ आणि शेल, दोन्ही कंपन्यांनी हे औषध उंदरांवर आधीच तपासून घेतलं होतं आणि नर उंदरांचे वृषण आक्रसतात हे १९६१ साली छापूनसुद्धा आलं होतं. १९६१! म्हणजे लॅथ्रॉपच्या माणसांनी स्वतःचं स्वतः शोधून काढायच्या सोळा वर्षं आधी कागदावर होतं आणि ते डबे भरणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नाही. मला याचा राग येतो, आणि अजून उतरलेला नाही.

बोंब झाल्यावर डाऊच्या अर्कान्सासमधल्या कारखान्यातही तपासणी झाली, तिथंही तेच निघालं. पीच पिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं तर सरकारला पत्र लिहून सुचवलं की ज्यांचं वय झालंय किंवा ज्यांना मूल नकोच आहे अशा कामगारांकडून हे काम करून घ्या की. हे खरोखर झालेलं आहे. १९७९ ला अमेरिकेनं हवाईतला अननस सोडून सगळीकडचा वापर थांबवला, हवाईतला १९८५ ला. पण लॅथ्रॉपचं कळल्यावरही कोस्टा रिका, होंडुरास, निकाराग्वा इथल्या केळीच्या बागांत ते जातच राहिलं, आणि तिथले हजारो मजूर पुढं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारे झाले. आपल्याकडं बंदी आली १९८९ ला. हिशोब तुम्हीच करा, लॅथ्रॉपचं जगाला कळल्यावर बारा वर्षांनी.

आता काकीचं सांगतो. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला, तिला विचारलं, ती म्हणाली "लिही, आता मला कोण काय बोलतंय."

आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, तरुणपणी दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत सालानं होते. औषधाचं सगळं काम त्यांच्याकडं. बादलीत औषध ओतायचं, बाभळीच्या काठीनं ढवळायचं, काठी सापडली नाही तर कोपरापर्यंत हात घालून. नोझल तुंबलं की तोंडात धरून फुंकायचं. अंगातला सदरा ओला झाला की अंगावरच वाळवायचा. रिकामे डबे घरी यायचे, घासूनपुसून त्यात रॉकेल, कधी शेंगदाणे. त्यांना औषधांची नावं आठवत नाहीत, एवढंच सांगतात की एकाला असा वास होता की भाकरी खाल्ली तरी तोच वास यायचा.

त्यांना मूल झालं नाही. आणि ते झालं नाही म्हणून आमच्या काकीनं जे भोगलं ते मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय. सोळा सोमवार झाले, गुरुवार झाले, कुणी सांगितलं म्हणून उंबराला प्रदक्षिणा झाल्या. घरात डोहाळजेवण असलं की सगळ्या पुरणपोळ्या लाटायला काकी आणि ओटी भरायची वेळ आली की ती चुलीपाशी. कुणी तिला उठ म्हणायचं नाही, कुणी तिला ये पण म्हणायचं नाही. आजी तर तोंडावर वांझ म्हणायची. तात्यांचं दुसरं लग्न करायचं दोनदा ठरलं, तात्या नाही म्हणाले हे त्यांचं मोठेपण. पण तात्यांना तपासा असं त्या घरात, त्या गावात एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. काकीला सोलापूरला तीन डॉक्टरांकडं नेलं, तात्यांना एकाही नाही.

तात्यांना औषधानंच मूल झालं नाही असं मी म्हणत नाही, ते कुणी तपासलंच नाही त्यामुळं तसं म्हणायचा मला हक्क नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. लॅथ्रॉपमध्ये एवढं मोठं पाप उघडं पडलं ते कुठल्या सरकारी खात्यानं नाही, कंपनीच्या डॉक्टरनं नाही, ते पडलं कारण पाचसात पुरुष एकमेकांसमोर म्हणाले की मला मूल होत नाही. बास. आमच्याकडं हे वाक्य कुठला पुरुष पारावर बसून म्हणेल? आमच्याकडं मूल झालं नाही की ते बाईच्या नावावर लागतं, सातबाऱ्याला नोंद लागावी तसं, आणि एकदा लागलं की पुरुषाच्या अंगात काय गेलंय याची चौकशीच बंद. विष लपवायला कंपनीला काही करावंच लागत नाही, आमची लाजच ते काम करते.

काकीला मी लॅथ्रॉपची सगळी गोष्ट सांगितली. शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग त्या माणसांचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्या बायकांना कोण काय म्हणालं आसंल रे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढं वाचलं पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

थोडी माणसं बोलली की काय होतं, केरळातलं कासारगोड बघा. तिथं काजूच्या सरकारी बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक वर्षानुवर्षं मारलं जायचं. पड्रे गावातले डॉक्टर मोहन कुमार यांच्या लक्षात आलं की आपल्याकडं एकाच भागातून विचित्र आजार यायलेत, श्री पड्रे नावाच्या शेतकरी पत्रकारानं ते लिहिलं, लीलाकुमारी अम्मा नावाच्या कृषी खात्यातल्याच बाई कोर्टात गेल्या. मोजून तीन माणसं म्हणा. २०११ ला सुप्रीम कोर्टानं एंडोसल्फान देशभर थांबवलं. तेच एंडोसल्फान आमच्या तुरीवर आम्ही पाठीवरच्या पंपानं मारलेलं आहे, उघड्या अंगानं.

आणि यवतमाळ २०१७ विसरू नका. कपाशीवर फवारता फवारता वीसपेक्षा जास्त माणसं गेली. ती दिसली कारण ती आठदहा आठवड्यांत पटापट गेली. जे हळूहळू होतं ते दिसत नाही.

१९७१ चे कीटकनाशक नियम आहेत आपल्याकडं. त्यात लिहिलंय की फवारणीचं काम करणाऱ्या माणसाची कामाला लावायच्या आधी आणि नंतर दर तीन महिन्याला डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे. मी आमच्या भागातल्या जितक्या फवारणीवाल्यांना विचारलं तितक्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चंद्रावरचं बोलतोय. इकडं २०१० ला द्राक्षात क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपण लिहोसीन म्हणतो त्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश सापडला आणि युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा सगळं राज्य हललं. द्राक्षासाठी लॅब आहेत, रजिस्टरं आहेत, कधी काय मारलं त्याची तारीखवार नोंद आहे. चांगलंच आहे. पण मण्यातला अंश आम्ही कणाकणानं मोजतो आणि तो मणी धुऊन निघावा इतकं औषध ज्याच्या अंगावर उडतं त्याचं रक्त कुणी वर्षातून एकदा बघत नाही, हे मला सहन होत नाही.

शेतकऱ्याला शिव्या देणाऱ्यांनी इथं येऊ नका. मी स्वतः औषध मारतो. औषधाशिवाय बाग धरून दाखवा म्हणणं सोपं आहे, तेल्याचा एक पाऊस पडला की वर्षाचं पीक जातं आणि बँक थांबत नाही. निमॅटोडसाठी मी यंदा निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा बुरशी आणि ओळीत झेंडू केलाय, फरक हळू पडतोय, पण पडतोय. बाकीच्याला औषध लागतंच. माझं म्हणणं एवढंच की जे मारतो ते काय आहे हे मारणाऱ्याला कळलं पाहिजे. डब्यावरचा चौकोन बघा, खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंग असतो, लाल सगळ्यात जहाल. आमच्यातला एक भाऊ पंधरा वर्षं फवारतोय, त्याला वाटायचं तो रंग कंपनीचा आहे.

गेल्या दिवाळीपासून आम्ही पाच जण बसतोय. दोघं बागवाले, तिघं टाकीवर मजुरी घेऊन फवारणीला जाणारे. दर रविवारी संध्याकाळी, आमच्या शेडमध्ये. शंभर पानी वही घातलीय. त्यात तारीख, औषधाचं नाव, रंग, कुणी मारलं, तोंडाला काय बांधलं होतं, आणि रात्री काय झालं. सुरुवातीला "काय नाही झालं" एवढंच यायचं. तिसऱ्या रविवारी एकजण म्हणाला ब्लोअरवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्रावर, बसलो की त्या रात्री डोळ्यापुढं धुकं येतं, मग दुसरा म्हणाला, "मला पण, मला वाटलं म्हाताऱ्यागत दिसायला लागलंय म्हणून बोललो नव्हतो." आता ब्लोअरच्या दिवशी कोण बसलं आणि कुठलं औषध होतं ते लाल पेननं लिहितो. वही भरली की तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांपुढं ठेवणार आहोत, डॉक्टरलाही दाखवणार.

लॅथ्रॉपची गोष्ट मी मागच्या महिन्यात शेडमध्ये सांगितली. सगळे गप्प. कुणी वर बघेना. चहा झाला, उठलो. गाडीला किक मारणार तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात तरुण पोरगा, लग्नाला चार वर्षं झालीत, मागं येऊन उभा राहिला. गाडीच्या आरशाकडं बघत म्हणाला, "दादा, ती टेस्ट सोलापुरात कुठं होती? आन घरी कळतंय का?"

मी म्हटलं लॅबमध्ये होते, फार खर्च नाही, आणि घरी तूच सांग, बायकोला पहिलं सांग, कारण तिला आत्तापर्यंत बरंच ऐकावं लागलं असणार. तो मान हलवून गेला. सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघं नवराबायको गेले, मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. रिपोर्ट त्यांचा आहे, तो इथं लिहिणार नाही.

सांगोला, मंगळवेढा, मोहोळकडं कुणी फवारणीला जात असेल आणि आपापल्या गावात अशी वही घालायची असेल तर मेसेज करा. पहिल्या रविवारी मी येऊन बसेन.