हो म्हणजे ठसका

आमच्या चर्चच्या मंडळीत दुभाषी नेमायची वेळ आली आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण काय, तर मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. रोज एसटीने जाणाऱ्याला ‘मग आज तूच चालव’ म्हणावं, तसंच हे. पण शेजारी बायको बसली होती, तिने माझ्याआधी मान डोलावली.

गोष्ट 2018 च्या नोव्हेंबरमधली. स्वीडनच्या चर्चमधून 19 वर्षांचा एक मुलगा सेवेसाठी नंदुरबारला येणार होता. काम म्हणजे वसतिगृहातल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि खोल्या रंगवायच्या. खोल्या रंगलेल्या नव्हत्या म्हणून तो वसतिगृहात राहू शकत नव्हता, आणि तोच त्या रंगवणार होता म्हणून त्या रंगलेल्या नव्हत्या. तोवर मुक्काम दुभाष्याच्या घरी.

तसा स्वीडन आमच्या भागाला परका नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिकडचे मिशनरी या मुलखात येत राहिले. जुनी माणसं अजून सांगतात, मडमबाई आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या. त्यामुळे स्वीडनचा माणूस म्हटला की तो गाडीतून उतरल्याबरोबर मराठीत बोलणार, अशी अर्ध्या मंडळीची खात्री होती. तो सुरतेच्या गाडीतून उतरला आणि शिंकला. लागोपाठ 7 वेळा.

दोष त्याचा नव्हता. नोव्हेंबरात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. नजर पोचेल तिथवर लाल, आणि वारा फिरला की गावभर खोकला. आम्हाला सवय आहे. आम्ही बोलता बोलता खोकतो आणि वाक्य पुढे चालू ठेवतो.

तेव्हा परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत त्याच्या नोंदणीचा ‘फॉर्म सी’ भरावा लागे. त्यात त्याच्या आडनावातल्या ‘ओ’वर दोन टिंबं. ती ठेवायची की पुसायची, यावर मी, नेट कॅफेवाला आणि तिथे झेरॉक्सला आलेले दोन गृहस्थ अशी चौघांची बैठक झाली. टिंबं गेली. मधलं नाव वडिलांचं नाही हे कळल्यावर एका गृहस्थाने त्या पोराकडे फार करुणेने पाहिलं.

खरी परीक्षा रात्री, ताटावर. माझी आई शिंदखेड्याकडची, तिचं सगळं अहिराणीत. भाकरी हातात धरून तिने विचारलं, “आखो देऊ का रे भाऊ?” (त्याचं नाव कोणाच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच तासात तो ‘भाऊ’ झाला होता.) मी इंग्रजीत सांगितलं. त्याने ओठांचा चंबू केला आणि झटकन हवा आत ओढली. श्श्यूप! गरम चहाचा भुरका असतो ना, तसा. फक्त कपाशिवाय.

“तिखट लागनं पोऱ्याले!” आईने भाकरी टोपल्यात टाकली आणि साखरेचा डबा काढला.

मी विचारलं, “आर यू ओके?” श्श्यूप. आईने दही आणलं. “बेटर?” श्श्यूप. तूप आलं. त्या रात्री तो पोरगा एक भाकरी, 3 चमचे साखर आणि वाटीभर दही-तूप यावर झोपला.

दुसऱ्या दिवशी शेवभाजीला तेच. मग आईने सगळ्यातला तिखटपणा काढला. बिनतिखटाची शेवभाजी मी त्याआधी खाल्ली नव्हती, देव करो आणि पुन्हा न खावो. तरी श्श्यूप चालूच. तिसऱ्या दिवशी बायको हळूच म्हणाली, “अहो, ह्याला दमा आहे. घरच्यांनी लपवून पाठवलंय.” ओव्याची धुरी झाली, निलगिरीचं तेल झालं. शेवटी डॉक्टर. त्यांनी विचारलं, “झोप नीट लागते?” तो म्हणाला श्श्यूप, आणि डॉक्टरांनी तत्काळ स्टेथोस्कोप उचलला. वाफारा देऊन आम्हाला परत पाठवलं.

परतताना रिक्षात मी धीर करून त्यालाच विचारलं, हा आवाज कसला? तो चपापला. म्हणाला, “हा म्हणजे ‘हो’. आमच्याकडे उत्तरेत लोक हो असंच म्हणतात.”

घरी येऊन हे सांगितलं तर आई मटकन पाटावर बसली. “तीन दिनपाईन पोऱ्या हो म्हनी राहिना, आनि आपन साखर दी राहिनूत!”

बरं, घोळ एकाच बाजूने नव्हता. ताट उचलू का म्हणून तो खुणेने विचारायचा आणि आई नेहमीसारखी जिभेने ‘च्यक’ करायची. तो दर वेळी वाकून टेबलाखाली बघायचा. मला वाटे काही सांडलं असेल. तो मांजर शोधत होता. मी आयुष्यभर शब्दार्थ पाठ करून घेतले पोरांकडून. ‘च्यक’ला इंग्रजीत काय म्हणतात हे एकाही मार्गदर्शकात नाही.

दिवाळी नुकतीच झालेली, शेजाऱ्यांची फराळाची ताटं येत होती. हा लाडू घ्यायचा, ‘थँक यू’ म्हणायचा आणि खोलीत न्यायचा. त्यांच्याकडे मुलं गोड खातात ते शनिवारी, आणि याची ती सवय सुटली नव्हती. मुंग्यांना शनिवारची अट नव्हती. शुक्रवारी रात्री पलंग अंगणात काढावा लागला.

रविवारी उपासनेनंतर ‘दोन शब्द’. तो म्हणाला, माझं गाव किरुना, पार उत्तरेला. तिथे डिसेंबरात जवळजवळ तीन आठवडे सूर्य उगवत नाही. मी भाषांतर केलं. मागच्या बाकावरून एक आजोबा उठले. “म्हणजे तिकडेही लोडशेडिंग?” मी हे इंग्रजीत सांगितलं नाही. दुभाष्यालाही काही अधिकार असतात.

खोल्या रंगून झाल्या त्या रात्री वसतिगृहात भरीत पार्टी ठेवली. वांगी काड्यांवर भाजली, हिरवी, लांबट, साल काळी पडून फाटेपर्यंत. मग भाजलेली मिरची आणि लसूण लाकडी बडगीत घालून मुसळाने कुटायचं काम भाऊकडे. पांढऱ्या भुवयांना राख लागलेली, डोळ्यांतून पाणी, पण मुसळ थांबवेना. वर कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे. कळण्याच्या भाकरी आई स्वतः थापत होती, तीन दिवसांची बाकी फेडायची होती तिला.

तिसऱ्या भाकरीपर्यंत श्श्यूप, श्श्यूप, श्श्यूप. चौथी घेऊन आई त्याच्यासमोर उभी राहिली. “आखो?”

भाऊने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान किंचित वर केली, जीभ टाळूला लावली आणि काढला आवाज. च्यक! असा अस्सल, की दारातलं मांजर आत आलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईचा चेहरा अभिमानाने फुलला. तिने भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा त्याच्या ताटात टाकला आणि मला म्हणाली, “सांग त्याले, अर्धीच से.”