स्तूपाआधी घरे

नेपाळमधील २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर बौद्ध विहारांनी बेघरांसाठी आपली आवारे खुली केल्याचे लेखात वाचले. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. काठमांडूतील बौद्धनाथ स्तूपाच्या शिखराला तडे गेल्यावर ते उतरवून नव्याने बांधण्याचा खर्च मुख्यतः बौद्ध भाविकांच्या देणग्यांतून उभा राहिला, अनेकांनी श्रमदान केले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, सरकारी कामे रेंगाळलेली असताना, स्तूप पुन्हा खुला झाला. हे कौतुकास्पदच, तरी आधी घरे व्हायला हवी होती, असे माझे (कदाचित अश्रद्ध) मत आहे. आमच्या कळंगुटच्या हॉटेलांत राबणारे नेपाळी कामगार त्या पावसाळ्यात मालकाकडून उचल घेत होते, ती गावच्या घरावर पत्रे घालण्यासाठी.