एम-सीलनं टाकीचा पाझर का थांबत नाही

सर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या मारुती ८०० ची ब्रेक ऑइलची टाकी पाझरली तर बाहेरून एम-सील थापावं. मी आधी लिहिलेलं ‘टाकी उतरवा, रबरं बदला, चारही चाकांची एअर (ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढा’, हे उगाच गिऱ्हाइकाला घाबरवणं झालं. आणि नवं रबर बसत नसेल तर ग्रीसचं बोट फिरवावं.

एअरच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, मी सरसकट लिहायला नको होतं. टाकी उतरलेली असताना कुणी पेडल दाबलं नाही, तर हवा मास्टर सिलिंडरच्या (टाकीखालचा, पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) वरच्या भोकांतच अडकते. टाकी भरून पेडल सावकाश, थोडं थोडं दहा-पंधरा वेळा दाबलं की ती बुडबुडे होऊन टाकीतच वर येते. पेडल कडक लागलं, तर चाकांना हात लावायचं कारण नाही. मऊ लागलं तर मात्र चारही.

एम-सीलचं पटत नाही. असल्या टाक्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, त्यात तेलकट. एम-सीलसारखी लांबी (पुट्टी) तिथं धरत नाही. शिवाय पाझर बहुतेक वेळा टाकीला नसतोच, तिच्या बुडाच्या दोन ग्रोमेटना, म्हणजे टाकी मास्टरवर जिथं बसते तिथल्या रबरी कड्यांना असतो. इंजिनाच्या उष्णतेनं ते वाळतात, नख रोवलं तरी दबत नाहीत. वरून लांबी थापली की ऑइल तिच्या खालून वाट काढतं आणि ओल कुठून येते तेही दिसेनासं होतं. ग्रोमेटची जोडी टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी जोडी नमुन्याला घेऊन जा.

ग्रीस तर अजिबात नको. साध्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं. ग्रीस ऑइलमध्ये उतरलं की मास्टरचे सीलही फुगतात, ऑइल परतायचं बारीक भोक झाकलं जातं आणि पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो. ग्रोमेटला ताजं ब्रेक ऑइलच लावा.

टाकीतलं ऑइल सिरिंजनं ओढून घ्या, वायरचं सॉकेट काढा, खाली ओलं फडकं पसरा (ब्रेक ऑइल रंग खातं). टाकी डावी-उजवी हलवत वर ओढा. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलीत तर कड फुटते. ग्रोमेटची बसायची जागा पेट्रोलनं धुऊ नका. नवे बसवून टाकी सरळ दाबा. ऑइल टोपणावर छापलेलं तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद बाटलीतलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीतलं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ३.७ टक्के पाणी शिरलं की १४० वर येऊ शकतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं, तेव्हा हा फरक कळतो.

एक फसवा पाझरही असतो. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, आपण वरून ऑइल भरतो, आणि नवे पॅड घालताना तेच टोपणातून उतू जातं. तिथं ग्रोमेट बदलून काही होत नाही.

काम झाल्यावर रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवा. कागद कोरडा, चाकंही कोरडी, तरी पातळी उतरतेय, तर मास्टरचे दोन नट सोडून तो बूस्टरपासून (मास्टरमागचा, पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) जरा पुढं ओढा. मागची बाजू ओली असेल, तर मागचा सील गेलाय. मग टाकी सोडा आणि मास्टरकडे वळा.